मोहगावहून भक्तपूरला

इसवी सन १७०२ हे वर्ष नागपूरकरांना पाठ असतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने बारा खेडी जोडून नागपूर वसवलं, ते हे वर्ष. त्याच वर्षी नेपाळात, भक्तपूरच्या तौमढी चौकात, भूपतींद्र मल्ल नावाच्या राजाने पाच छपरांचं एक उंच देऊळ उभं केलं. त्याला न्यातपोल म्हणतात. दोन्ही राज्यं लहान, दोन्ही डोंगरांच्या आश्रयाने वाढलेली. पण बख्त बुलंदच्या मुलाने, चांद सुलतानाने, राजधानी सपाटीवरच्या नागपूरला नेली आणि देवगड मागे पडलं. आज ते छिंदवाडा जिल्ह्यातलं एक खेडं आहे. वर किल्ल्याचा पडका नगारखाना आणि खाली शेतांमधून विखुरलेल्या बारवा. भक्तपूरही राजकारणात हरलं. १७६९ मध्ये पृथ्वीनारायण शहाच्या गोरखा फौजेने ते जिंकलं आणि राजधानीचा मान काठमांडूला गेला. तरी भक्तपूर शहरच राहिलं. तिथे आजही लोक राहतात, भांडी घडवतात, धान वाळवतात, जत्रेत एकमेकांशी भांडतात.

हा फरक का पडला, हा प्रश्न घेऊन मी भक्तपूरला गेले होते असं म्हणणं खोटं होईल. मी पाठीवर सॅक टाकून नेपाळ बघायला निघाले होते. प्रश्न तिथे पोचल्यावर, चालता चालता पडला. आणि तो पडला याचं कारण मी मोहगावची आहे.

मोहगाव म्हणजे सौंसर तालुक्यातलं मोहगाव हवेली. नागपूरहून सावनेर, केळवद ओलांडून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की राज्याची सीमा कधी मागे पडली ते पाट्यांवरची भाषा बदलल्यावरच कळतं. शेतात तीच पऱ्हाटी, तीच तूर, त्याच संत्र्याच्या बागा. गावाशेजारून सर्पा नदी वाहते आणि तिच्या काठी अर्धनारीश्वराचं देऊळ आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पूर्वी आमचा तालुका पांढुर्ण्यासह छिंदवाडा जिल्ह्यात होता. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हाच वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. इंग्रजांच्या काळात मोहगावला नगरपालिका होती, म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हे बऱ्यापैकी मोठं, व्यापाराचं गाव मानलं जात होतं. आता तरुण पोरं नागपूरला नोकरीला जातात. मीही गेले.

नेपाळ आपल्या माणसाला परदेश वाटत नाही, हे तिथे जाण्याचं पहिलं सुख. व्हिसा लागत नाही. नागपूरहून गोरखपूरला थेट गाडी मिळते, तिथून सुनौलीची सीमा बसने गाठायची, पायी ओलांडायची आणि पलीकडे भैरहवाहून काठमांडूची बस धरायची. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. एवढ्याने परदेश सुरू होतो. काठमांडूपासून भक्तपूर पूर्वेला तेरा किलोमीटर. राजधानी आणि भक्तपूर यांच्यामध्ये आता जागाच उरलेली नाही, सलग इमारती आहेत. पण भक्तपूरच्या जुन्या वेशीतून आत गेलं की पायाखाली विटांची फरसबंदी येते, गाड्यांचा आवाज मागे राहतो आणि कानावर घंटा, हातोडी आणि बायकांचं बोलणं एवढंच पडतं.

बहुतेक प्रवासी काठमांडूला राहतात, सकाळी भक्तपूरला येतात, दुपारी परत जातात. मी गल्लीतल्या एका घरगुती गेस्टहाऊसमध्ये मुक्काम केला आणि प्रत्येकाला तेच करायला सांगेन. लहान जुनं गाव सकाळी सहाला आणि रात्री आठला कळतं. पहाटे बायका पितळी ताटलीत तांदूळ, फुलं, अबीर घेऊन निघतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या गणपतीला, दगडाला, उंबऱ्याला वाहत जातात. म्हाताऱ्या शेतकरी बायका अजून हाकू पटासी नेसतात, काळंभोर लुगडं आणि त्याला लाल काठ. आपल्याकडे संक्रांतीला चंद्रकळा बाहेर निघते, तसा तो रंग. पण इथे रोजचा. संध्याकाळी देवळांच्या ओट्यांवर म्हातारे बसतात. या ओट्यांना फल्चा म्हणतात. वर छप्पर, तीन बाजूंनी मोकळं, जमिनीपासून हात-दीड हात उंच. वाटसरूला टेकता यावं, गावकऱ्याला बसता यावं, भजनाला जागा असावी म्हणून घराघरांनी पूर्वी बांधलेले. रात्री तिथे पेटी, टाळ आणि ढोलकीसारखं एक वाद्य घेऊन मंडळी दाफा भजन गातात. शब्द एकही कळत नव्हता. चाल ऐकून आमच्या काकड्याची आठवण येत होती.

न्यातपोलबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे. पाच पायऱ्यांचा चौथरा आणि वर पाच छपरं. चढताना दोन्ही बाजूंना जोडीजोडीने रखवालदार बसलेले आहेत: सगळ्यांत खाली जयमल आणि पत्ता हे दोन मल्ल, त्यांच्या वर हत्ती, त्यांच्या वर सिंह, मग शार्दूल, आणि सगळ्यांत वर बाघिनी आणि सिंहिनी या देवता. खालच्या जोडीपेक्षा वरची जोडी दहापट बलवान, अशी तिथली समजूत. मल्ल स्वतः सामान्य माणसाच्या दसपट, हे ओघाने आलंच. गाभाऱ्यात सिद्धिलक्ष्मी आहे आणि पुजाऱ्यांशिवाय तिचं दर्शन कोणालाही होत नाही. इतकं भव्य देऊळ बांधायचं आणि देवी झाकून ठेवायची, हे आपल्याला विचित्र वाटेल. मला ते आवडलं. बघण्यासारखं सगळं बाहेर, सर्वांसाठी. आतलं तिचं तिच्यापाशी.

हे देऊळ विटा, मातीचा गारा आणि लाकूड यांचं आहे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात भक्तपूरची हजारो घरं बसली, देवळं पडली. न्यातपोल उभं राहिलं. २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. दरबार चौकातलं वत्सला दुर्गेचं दगडी देऊळ कोसळलं, शहरात माणसं मेली, गल्ल्याच्या गल्ल्या विटांच्या ढिगाऱ्याखाली गेल्या. न्यातपोलच्या वरच्या मजल्याला थोडी इजा झाली, एवढंच. रुंद चौथरा, वर जाताना लहान होत गेलेले मजले आणि भिंतींमधून फिरवलेले लाकडी पट्टे. जमीन हलली की लाकूड थोडं झुकतं, थोडं सरकतं आणि पुन्हा जागेवर येतं. तीनशे वर्षांपूर्वीच्या सुतारांना आणि गवंड्यांना भूकंप ठाऊक होता.

भूकंपानंतर काय झालं, ते मला न्यातपोलपेक्षाही मोठं वाटतं.

भक्तपूरला परदेशी मदतीची सवय जुनी आहे. राजपुत्र वीरेंद्रच्या लग्नाची भेट म्हणून जर्मन सरकारने इथल्या पुजारी मठाची दुरुस्ती करून दिली. १९७४ पासून पुढे दहा-बारा वर्षं जर्मनीच्या पैशाने भक्तपूर विकास प्रकल्प चालला. आज पायाखाली दिसणारी फरसबंदी, गटारं, शेकडो दुरुस्त वास्तू त्या काळातल्या. दरबार चौकातला च्यासिलिं मंडप १९३४ मध्ये पडला होता. जर्मन चॅन्सेलर हेल्मुट कोल १९८७ मध्ये इथे आले, त्यांनी तो परत उभारायला मदत दिली आणि जुन्या छायाचित्रांच्या आधाराने, आत पोलाद घालून, तो १९९० मध्ये उभा राहिला. २०१५ मध्ये तो टिकला. तेव्हा जर्मनांविषयी गावात आकस असण्याचं कारण नाही. तरीही २०१८ मध्ये भक्तपूर नगरपालिकेने जर्मन विकास बँकेची मोठी मदत नाकारली. कारण अटींचं होतं. निविदा काढायच्या, ठेकेदार नेमायचे, सल्लागार बाहेरचे आणायचे, हे गावाला मान्य नव्हतं. त्यांची रीत वेगळी होती. ज्या टोलातलं, म्हणजे वस्तीतलं, देऊळ, त्या टोलातल्या लोकांची समिती बनवायची. त्याला तिथे उपभोक्ता समिती म्हणतात. पैसा नगरपालिका देते, हिशेब समिती ठेवते, काम गावातले सुतार, लोहार, वीटकाम करणारे करतात आणि शेजारीपाजारी श्रमदानाला येतात. सिमेंट शक्यतो नाही. जुनी वीट निघाली तर जुनीच परत बसवायची. पडलेली वत्सला याच रीतीने पुन्हा उभी राहिली आणि न्यातपोलची डागडुजीही याच रीतीने झाली.

पैसा येतो कुठून? बराचसा आपल्याकडून. परदेशी पाहुण्याकडून नगरपालिका वेशीवर प्रवेशशुल्क घेते. सार्क देशांच्या लोकांना ते पुष्कळ कमी आहे. पावतीवर नाव लिहून देतात आणि मुक्काम करणार असाल तर तीच पावती पुढचे दिवस चालते. ते पैसे काठमांडूच्या तिजोरीत न जाता इथेच राहतात, देवळांवर, तळ्यांवर, फरसबंदीवर खर्च होतात. ख्वप नावाची महाविद्यालयंही नगरपालिकेने काढली आहेत, त्यांत इंजिनिअरिंगचंही आहे. एका छोट्या शहराच्या नगरपालिकेने इंजिनिअरिंग कॉलेज काढावं, ही गोष्ट मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. वर्षानुवर्षं इथे नेपाळ मजदूर किसान पार्टी निवडून येते. देशभरात हा पक्ष छोटा आहे, पण भक्तपूरवर त्याची पकड आहे. त्याच्या राजकारणातलं मला सगळं पटतं असं नाही. पण गावाचा पैसा गावाने खर्चायचा आणि गावाचं देऊळ गावाने बांधायचं, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

आमच्या भागातल्या माणसाला भक्तपूरमध्ये ओळखीचं किती सापडतं, हे लिहायला बसले की थांबावंसं वाटत नाही.

शहराच्या पूर्वेला दत्ताचा चौक आहे. हो, आपल्याच दत्ताचा. यक्ष मल्लाच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं हे देऊळ; समोर उंच खांबावर गरुड, बाजूला शंख आणि चक्र, दारात पुन्हा तेच जयमल आणि पत्ता. एकाच झाडाच्या लाकडातून ते बांधलं असं लोक सांगतात. मागे पुजारी मठ आहे. त्याच्या बाजूच्या गल्लीत, मान वर करून पाहावी लागेल अशा उंचीवर, लाकडात कोरलेली मोराची खिडकी आहे. मोराचा पिसारा म्हणजेच खिडकीची जाळी. वऱ्हाड-नागपूरकडचा माणूस दत्त म्हटलं की माहूरला जातो, फार तर गाणगापूर, नरसोबाची वाडी. दत्ताचं इतकं जुनं ठाणं हिमालयाच्या पायथ्याशी असेल, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. इथे मोठी गर्दी दत्तजयंतीला होत नाही, शिवरात्रीला होते. आणि शिवरात्रीला मोहगावलाही सर्पेच्या काठावर तीच गर्दी असते.

दक्षिणेला हनुमंते नदी आहे. लक्ष्मणासाठी औषधी घेऊन परतताना मारुती इथे पाणी प्यायला थांबला, म्हणून नदीला त्याचं नाव पडलं, असं घाटावर सांगतात. मी ते ऐकलं आणि जामसावळी आठवली. मोहगावची सर्पा जिथे जाम नदीला मिळते, तिथे जामसावळीचा मारुती पिंपळाखाली आडवा निजलेला आहे. संजीवनी आणताना थकून तो तिथे विसावला, ही आमच्याकडची कथा. लंका कुठे, हिमालय कुठे, आणि त्या वाटेवर मारुतीने भक्तपूरला पाणी प्यायलं आणि जामसावळीला पाठ टेकली. दोन्ही गावांनी त्याला आपल्या नदीकाठी थांबवून घेतलं. यात आपलं गाव त्या मोठ्या कथेच्या वाटेवर आहे, ही लहान गावाची फार जुनी इच्छा दिसते, आणि मला ती खरी वाटते.

पण सगळ्यांत जास्त हादरले ती बिस्केट जात्रेने. नेपाळी नववर्षाच्या सुमाराला, एप्रिलच्या मध्यावर, भक्तपूरला ही जात्रा आठ रात्री नऊ दिवस चालते. तौमढी चौकात भैरवाचा तीन मजली लाकडी रथ उभा करतात. गावाचे दोन भाग आहेत, वरचा थने आणि खालचा कोने. रथाला पुढून आणि मागून दोर बांधलेले असतात; वरचे वर ओढतात, खालचे खाली. ज्यांच्याकडे रथ गेला ते जिंकले. नववर्षाच्या आदल्या दिवशी मैदानात एक प्रचंड लाकडी खांब उभा करतात, त्यावरून दोन लांब पताका सोडतात. त्या पताका म्हणजे दोन साप, असं सांगतात: एका राजकन्येच्या नाकातून रात्री निघून ते तिच्या प्रत्येक वराला मारत होते, एका राजपुत्राने जागं राहून त्यांना कापलं. दुसऱ्या दिवशी खांब पाडला की वर्ष बदललं. या ओढाताणीत माणसं चिरडली आहेत, दगडफेकही झाली आहे, पोलीस बंदोबस्त असतो.

पांढुर्ण्याची गोटमार पाहिलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटेल ते सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दोन्हीकडून दगडांचा मारा चालू असताना जो झाडापर्यंत पोचून झेंडा काढतो, त्याचा काठ जिंकला. मग झाड चंडीच्या देवळात जातं. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडून पळून जात होते आणि दोन्ही काठांवरून दगड आले, अशी कथा. दर वर्षी डोकी फुटतात, शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते सोडून पात्रातलेच गोटे उचलले.

दोन काठ, दोन टोल, मध्ये एक खांब आणि मागे एका तरुण जोडप्याची जीवघेणी गोष्ट. इतकं साम्य पाहून मी तिथल्या एका निवृत्त मास्तरांना गोटमारीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, “आमचंही तसंच आहे, पोरी. वर्षभर शेजारी, त्या दिवशी वैरी.” अर्धं नेपाळी, अर्धं हिंदी मिसळून ते बोलले ते मी मराठीत आणलं आहे. मला विचाराल तर दगड थांबले पाहिजेत. माझ्या वर्गातल्या मुलाचा डोळा त्या पात्रात गेला आहे आणि कोणत्याही परंपरेची ती किंमत असू नये. पण दोन काठांनी वर्षातून एकदा नदीत उतरून बळ आजमावणं, ते झाड, ती चंडी, हे सगळं राहिलं पाहिजे. भक्तपूरमध्ये ओढायला रथ आहे. पांढुर्ण्याच्या लोकांनी हातात दगडाऐवजी दोर घेतला तर पळस आणि झेंडा दोन्ही शिल्लक राहतील. हे बाहेरून लादून होणार नाही, हेही तितकंच खरं. रबरी चेंडूंनी ते सिद्ध केलं. पांढुर्ण्याने आणि सावरगावने एकत्र बसून ठरवलं तरच होईल.

भाषेचं साम्य दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारं होतं. भक्तपूरचे लोक नेवार. त्यांची भाषा नेपाळभाषा, जिला बाहेरचे नेवारी म्हणतात. नेपाळी भाषेशी तिचं नातं नाही. ती तिबेटी-बर्मी कुळातली. नेपाळातल्या राणा घराण्याच्या राजवटीत या भाषेत लिहिणं गुन्हा होतं. चित्तधर हृदय या कवीला १९४१ मध्ये एका कवितेसाठी तुरुंगात टाकलं. तिथेच त्यांनी बुद्धचरित्रावरचं ‘सुगत सौरभ’ हे महाकाव्य लिहिलं. पुढे राजाच्या पंचायत राजवटीतही शाळा, रेडिओ, कचेरी सगळीकडे नेपाळी ही एकच भाषा होती. एवढं होऊनही भक्तपूरच्या गल्लीत आजी नातवाला नेपाळभाषेतच रागावते. बाजारात, भजनात, भांडणात तीच. नेपाळी ही शाळेची आणि कचेरीची.

आमचंही तसंच आहे, फक्त आमच्यावर कोणी बंदी घातली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या मध्य प्रदेशाची, म्हणजे आधीच्या मध्य प्रांताची, वाटणी झाली. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा अख्खा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याचे मराठी लोक एका रात्रीत दुसऱ्या भाषेच्या राज्याचे झाले. राजधानी नागपूर होती ती भोपाळ झाली. घरात मराठी, शाळेत हिंदी. माझ्या पिढीला मराठी वाचता येतं ते घरातल्या पोथ्यांमुळे आणि नागपूरच्या वर्तमानपत्रांमुळे. माझ्या भाच्यांना ते अडखळत वाचावं लागतं. खरं तर या मातीत आपली मुळं वाकाटकांपर्यंत जातात. पाचव्या शतकातल्या दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट पांढुर्ण्याला सापडला आणि इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखसंग्रहात तो घेतला. ज्या राजाची राजधानी आजच्या नागपूर जिल्ह्यात होती, त्याच्या दानाचा ताम्रपट आमच्या बाजूला. सीमा नंतर आली.

परतल्यावर आजीने विचारलं, “काऊन वं, एवढ्या दूर एकटी गेली, काय पाहाले?” मी तिला जुजू धौ सांगितलं. म्हशीच्या दुधाचं, मातीच्या पसरट भांड्यात विरजलेलं भक्तपूरचं दही, ज्याला दह्यांचा राजा म्हणतात. भांडं पाणी शोषून घेतं म्हणून ते इतकं घट्ट की उपडं केलं तरी पडत नाही. कुंभारांच्या चौकात ही भांडी शेकड्यांनी उन्हात मांडलेली असतात आणि सुगीत त्याच चौकात धान वाळत असतं. आजी म्हणाली, “आपल्याकडं बी मातीच्या गाडग्यातच लावत होतो दही.” मग ती बराच वेळ मोहगावच्या जुन्या कुंभारवाड्याबद्दल बोलत राहिली. कोणाचं चाक कुठे होतं, जिनिंगमध्ये कापसाच्या बंड्या कशा रांगेने उभ्या राहायच्या, छोट्या लाईनच्या गाडीने सौंसरहून छिंदवाड्याला जायला किती वेळ लागायचा. ती छोटी लाईन २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मोठी आली. आजीचं बोलणं मी त्या दिवशी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं. आधी कधी सुचलं नव्हतं.

मग भक्तपूरला पडलेला तो प्रश्न घेऊन मी देवगडला गेले. सिल्लेवानीचा घाट चढून, उमरानाल्यावरून, मोहखेडमार्गे. रस्ता सागाच्या रानातून जातो. अकबराच्या काळात इथे जाटबा नावाचा गोंड राजा होता आणि आईने अकबरीत त्याच्या घोडदळाची, पायदळाची, हत्तींची नोंद आहे. त्याच्या जन्माची कथा इथले लोक अजून सांगतात: शेंगेच्या वेलाखाली तो जन्मला आणि नागाने फणा धरून त्याच्यावर सावली केली. पुढे त्याने गवळी राजांना मारून राज्य घेतलं. त्याच्या वंशातला बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारात गेला, मुसलमान झाला, परत आला आणि नागपूर वसवलं. चांद सुलतान गेल्यावर वारसाचा तंटा लागला, राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं आणि १७४३ पर्यंत सत्ता भोसल्यांकडे आली. नागपूर म्हटलं की आपल्याला भोसले आठवतात. त्यांच्याआधीच्या गोंड राजांचं घर हे, आणि ते बघायला येणारी माणसं एवढी कमी की किल्ल्यावर मला गुराखी सोडून कोणी भेटलं नाही.

देवगडला आठशे विहिरी आणि नऊशे बारवा होत्या, असं तिथे प्रत्येक जण सांगतो. आकडा मोजलेला नसेल. पण डोंगरावरच्या राजधानीला पाणी पुरवायला किती खटाटोप करावा लागला असेल, ते त्या आकड्यात आहे. किल्ल्यावर मोती टाकं आहे, कातळातलं, त्यात पाणी असतं. खालच्या बारवा गाळाने बुजल्या होत्या. अलीकडे रोजगार हमीच्या कामातून त्यांतल्या अनेक उपसल्या गेल्या, दगड परत रचले गेले आणि पाणी लागलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भक्तपूरमध्येही भूकंपानंतर देवळांइतकंच लक्ष पोखऱ्यांकडे, म्हणजे तळ्यांकडे, आणि हितींकडे दिलं गेलं. हिती म्हणजे जमिनीच्या पातळीखाली पायऱ्यांनी उतरून जायचं, मगरीच्या तोंडाच्या तोटीतून वाहतं पाणी असलेला दगडी पाणवठा. कित्येक हिती शेकडो वर्षांच्या आहेत. काही अजून वाहतात आणि सकाळी तिथे घागरींची रांग लागते. देऊळ पाहायला पाहुणा येतो, पण गाव टिकतं ते पाण्यावर. देवगडच्या बारवा उपसणारे हात गावातलेच होते, मजुरी गावातच राहिली. भक्तपूरच्या उपभोक्ता समितीचं तत्त्व आपल्याकडे आधीच आलेलं आहे, त्याला नाव नाही एवढंच.

परदेशातलं जुनं शहर पाहून आल्यावर आपल्या गावाला नावं ठेवायची सवय आपल्याला असते. मला तसं करायचं नाही. मोहगावमध्ये न्यातपोल नाही आणि होणारही नाही. पण कवेलूची जुनी घरं आहेत, त्यांच्या सागवानी दारांवर कोरीव काम आहे, घाट आहे, अर्धनारीश्वर आहे, त्याच्याभोवती पिढ्यान्पिढ्या सांगितलेल्या कथा आहेत. जामसावळीला आता मोठं बांधकाम येत आहे, भाविकांची संख्या वाढते आहे. गर्दी येणार हे नक्की. त्या गर्दीतला रुपया सर्पेच्या पाण्यावर, घाटाच्या दगडावर, पडायला आलेल्या दारावर खर्च होईल का, एवढाच प्रश्न आहे. भक्तपूरने तो आपल्या बाजूने सोडवला, कारण पावती फाडणारा हात आणि वीट लावणारा हात एकाच गावाचे होते.

नागपूर, अमरावती, पुण्याच्या तरुण वाचकांना सांगणं आहे. पाठीवर सॅक घेऊन नेपाळला जा, भक्तपूरला जरूर जा, आणि तिथे रात्री राहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर चौकात धान वाळताना दिसेल आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला बर्फाचे डोंगर. पण त्याआधी किंवा त्यानंतर एक शनिवार-रविवार सौंसरची बस पकडा. मोहगावचा घाट, जामसावळी, पांढुर्ण्याची जाम नदी, घाट चढून देवगड. नागपूरहून हे सगळं अडीच-तीन तासांच्या आत आहे. घरी जी आजी, मावशी, बाबाजी असतील त्यांच्याजवळ बसून गावाची गोष्ट विचारा, आणि ती मराठीत लिहून ठेवा. सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांमधल्या मुलांनीही ही यादी करायला हवी: कोणत्या गल्लीत कोणतं जुनं दार, कोणती बारव, कोणत्या घरात कोणती पोथी. नगरपरिषदेने ती यादी छापावी. त्याला फार पैसा लागत नाही आणि या दिवाळीच्या सुटीत सुरुवात करता येईल.